सुलूचे निळे शनिवार

सुलू गेल्याचं काकूंनीच, तिच्या आईनेच, मला ऑफिसात फोन करून कळवलं. "सुटली गं बाई," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. सुलू तेवीस वर्षांची होती, माझ्याएवढीच. शेवटची दोन वर्षं तिला दिसत नव्हतं. मग मूत्रपिंडांनीही हात टेकले. पाच आठवडे झाले, आणि मी त्या घरी एकदाच जाऊन आले आहे...

आमची घरं विलेपार्ल्यात एकाच जिन्यावर, समोरासमोर. सुलूला सातव्या वर्षी मधुमेह झाला. इन्शुलिनची सुई काकू रोज टोचायच्या, त्याचं तिला काही वाटत नसे. पण शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात तपासणी असायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात सुलूच्या लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही; हिरवा, पिवळा होत विटकरी झाला की वाट लागली. काकू पदर डोळ्यांना लावायच्या आणि काका दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

नववीत असताना, ऐंशी साल असेल, एका शनिवारी ती रिकामी बाटली घेऊन आमच्याकडे आली. आदल्या संध्याकाळी आम्ही जुहूला बर्फाचे गोळे हाणले होते, प्रत्येकी दोन.

"तू भरून दे ना."

"ई! काहीतरीच काय?"

"आई रडते गं. एकदाच, यार."

मी दिली. थोड्या वेळाने समोरून काकूंचा आवाज आला, "निळा आला गं बाई, निळा!" आम्ही जिन्यात पोट धरधरून हसलो.

एकदाच म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. लोक मैत्रीत जीव देतात, मी बघ काय देते, असं मी तिला चिडवायचे. काकू वहीत तारखेपुढे 'निळा' लिहायच्या आणि डॉक्टर ती वही पाहून इन्शुलिन होतं तेवढंच ठेवायचे. वर्षातून एकदा डोळे दाखवा, असंही सांगायचे. काका म्हणायचे, "साखर आटोक्यात आहे, मग कशाला खाडा करायचा?" सुलूला तर लांबून बसचा नंबर वाचता यायचा. तिला काही होईल असं मलाही वाटलं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जुहूच्या वाळूत बसलो असताना ती तोंडापुढून काहीतरी झटकायला लागली. "जळमट आहे का गं इथे? काळं काळं तरंगतंय." भर उन्हात, उघड्या वाळूवर जळमट कुठलं?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं. मग सांगितलं, लहानपणी लागलेला मधुमेह, त्याला झालेली इतकी वर्षं, मधला वयात येण्याचा काळ, चढलेला रक्तदाब... त्यात साखर वाढती राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक शिरा फुटतात, आणि दुखत काहीच नाही.

"पण साखर नव्हतीच हो कधी," काकू म्हणाल्या. सुलूने माझा हात घट्ट दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आईला सांगशील तर माझी शपथ आहे." मी शपथ पाळली. त्याच दिवशी खरं बोलले असते तर निदान एक डोळा वाचला असता का, हे डॉक्टरांना विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

परवा गेले तेव्हा काकूंनी चहा केला आणि शेजारी बसून विचारलं, "आमचं कुठे चुकलं गं?" मी चहा प्यायले आणि घरी आले. लाज वाटते लिहायला, पण तेवढंच केलं.

सुलूचे डोळे गेल्यापासून काकू रविवारची ही पुरवणी तिला वाचून दाखवायच्या. अजूनही कॉटजवळ खुर्ची ओढून मोठ्यानेच वाचतात, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. आज हाही लेख वाचतील. शपथ मोडते, सुलू.

काकू, तुमचं काही चुकलं नाही. दर शनिवारी ती बाटली मी भरून देत होते.