सतरा जिन्नसांची मासळी

“मीठ आधी का चिंच आधी, एवढंच सांग.”

“सतरा जिन्नस हायेत ना तुमच्या मसाल्यात? मंग पयला कोनता, ते तुमीच सांगा.”

“मैना, मस्करीला टाइम नाय. साहेब अकराला येतो. बाईसाहेब वही घेऊन येनार हायेत, वही! मासळी कशी करतात ते लिहून घेनार.”

“लिवू द्या. अक्षर चांगलं असंल त्यांचं.”

भातसानगरच्या धरण-वसाहतीत, २००४ सालातल्या एका रविवारी सकाळी, कुंडलिक स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आत नव्हे, दारात. संसाराच्या बारा वर्षांत तो उंबरठा त्याने पाण्याच्या तांब्यापुरताच ओलांडलेला. हळदीचा डबा कोणता, हेही विचारावं लागत होतं. आणि हा माणूस भाजलेल्या मासळीसाठी प्रसिद्ध होता!

कुंडलिक विश्रामगृहावरचा शिपाई. साहेब दिसला की त्याची पाठ वाके आणि जीभ सैल सुटे. लग्न नवं असताना एका साहेबाने निखाऱ्यावरचा रोहू खाऊन विचारलं, “कुणी केला?” वाटण मैनाने वाटलेलं, माशाला मैनाने लावलेलं. कुंडलिकने पुठ्ठ्याने वारा घातला होता.

“मीच, साहेब,” वारा घालणारा म्हणाला.

“काय काय घालतोस?”

“सात जिन्नस, साहेब. आमचं घरगुती गुपित.”

पुढच्या साहेबाला नऊ सांगितले, त्याच्या पुढच्याला अकरा. साहेबांच्या बदल्या होत गेल्या, जिन्नस वाढत गेले. मैनाच्या पाट्यावर मात्र पाचाचे सहा झाले नाहीत: मीठ, हळद, लसूण, हिरवी मिरची, चिंच. साहेब “वा!” म्हणाला की कुंडलिक डोळे मिटून मान हलवी. जणू लसूण त्यानेच जन्माला घातली.

धरणाच्या माशाला चिखलाचा वास असतो. मसाल्याने तो जात नाही, नुसता झाकला जातो. म्हणून मैना माशाला चिरा पाडून आधी जाडं मीठ आणि हळद चोळी आणि ताट कलतं ठेवून देई. भांडी घासून होईस्तोवर मासा ते वासकट पाणी सोडी. पाणी फेकायचं, मासा धुवायचा, मग चिरांमध्ये बोटाने वाटण भरायचं. एवढंच. हे सगळं ती मागच्या दारी उघड्यावर करी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ते कधीच न पाहिलेला माणूस अख्ख्या वसाहतीत एकच होता.

साहेबापुढे मासळी करून दाखवायची, म्हणून आदल्या दिवशी त्याने तालीमही केली. शहापूरच्या बाजारातून दही, व्हिनेगरची बाटली, खायचा लाल रंग आणि पुड्याच पुड्या आणल्या आणि मोजून सतरा जिन्नस कालवले. त्यात मासा सकाळपासून बुडवून ठेवला. दुपारी जाळीवर टाकला, उलटायला गेला, तर मासा तुकड्यातुकड्याने निखाऱ्यात उतरला. हाती उरला तो लालभडक काटा. मांजराने तो हुंगला आणि ते निघून गेलं.

शेजारची जिवली कुंपणावरून म्हणाली, “भावजी, मासा भाजताय का रंगपंचमी खेळताय?”

तर आता त्याला मैना हवी होती, आणि नेमकी आज मैना मोकळी नव्हती. शहापूरला बचतगटांच्या मेळाव्यात त्यांच्या गटाचा पहिलाच स्टॉल होता. जिवलीने पाटी रंगवून घेतली होती: ‘मैनाबाईंची भाजलेली मासळी’. सतरा जिन्नसांच्या मालकाला त्या तीन शब्दांपायी रात्रभर झोप नव्हती.

“आज नको जाऊ गो. नवऱ्याच्या अब्रूचा सवाल हाय.”

“बरं, नाय जात.”

कुंडलिकचा चेहरा उजळला.

“साहेबाला एवढंच सांगा, हे माझ्या बायकोचं हाय. मंग मी पाटा मांडून बसते त्यांच्याम्होरं. बाईसाहेबांना सगळं दावते, मिठापासून. पाटी उतरवायला सांगते जिवलीला.”

मागच्या दारी तिने साहेबासाठीचा रोहू पहाटेच मीठ-हळद चोळून ठेवला होता. नवरा हे एक वाक्य बोलेल, असं तिला खरंच वाटलं होतं.

एकच वाक्य. त्यात व्हिनेगर नाही, रंग नाही. कुंडलिकने खाकरून गळ्याशी हात नेला. माशाचा काटा अडकल्यासारखं केलं. मग चेहऱ्यावर एकदम मोठं औदार्य पसरलं.

“असं करू. तू बस म्होरं. मी बोलत जाईन, तू करत जा. विचारलंच तर सांगीन, घरची मंडळी हाताखाली मदत करते.”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. “मैने, येतेस का गो?” जिवलीने हाक दिली.

मैनाने स्टॉलसाठी भरलेल्या वाटणाच्या डब्याचं झाकण तळहाताने दाबून बसवलं. हात धुतले, पदराला पुसले.

“बरं, लय मदत करते म्हनून सांगीन!” कुंडलिक दारातून बाजूला झाला नाही. “ऐक तरी. मीठ आधी का चिंच? मैना?”

डबा कमरेवर घेऊन ती वळली आणि मागच्या दाराने, कलत्या ताटाला वळसा घालून, जीपकडे चालू लागली.