‘आधी पाणी पी’ म्हणणारा प्रभाकर

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाईकाला कांद्याचं बी दाखवत होतो. पलीकडून सागर बोलत होता, आमच्या जिममधला, टेम्पो चालवणारा. "भाऊ, दादा स्टेजमागं पडला. उठंनाच." मी म्हटलं, "अरे, चक्कर आली असेल. तोंडावर पाणी मार, लिंबू-साखर पाज." मागे स्पर्धेची गाणी मोठ्याने वाजत होती, कुणाचं तरी नाव पुकारत होते. मग तो म्हणाला, "डॉक्टर न्हाई म्हन्ले, भाऊ…" आणि फोन बंद झाला. गिऱ्हाईक विचारत होतं, हे बी खरिपाचं का रब्बीचं. मी त्याला काय सांगितलं, मला आठवत नाही.

प्रभाकर पाटोळे माझा शाळेपासूनचा दोस्त. राहात्यात गॅरेजच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याची जिम होती. सगळा गाव त्याला दादा म्हणायचा, मी सोडून. चाळिशी उलटल्यावर एकदा माझ्या दुकानात येऊन, माझ्या पोटाकडे बघत तो म्हणाला, "ह्याला आता वेगळी खुर्ची टाक." दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेडमध्ये उभं केलं आणि हातात वजनं न लावलेला नुसता लोखंडी बार दिला. मला लाज वाटली, शेजारची पोरं केवढाली वजनं उचलत होती. तो म्हणाला, "बार उचलायला शिक आधी. वजन कुटं पळून जातंय?"

त्याच्याकडे माणसं व्यायामापेक्षा प्रश्न घेऊनच जास्त येत. वजन उचललं की उंची खुंटते का, प्रोटीन पावडरचा डबा घेतल्याशिवाय अंग भरत नाही का, आणि हमखास एक, व्यायाम सोडल्यावर कमावलेल्या अंगाची चरबी होते का. ह्यावर तो हसायचा. "गव्हाची कधी ज्वारी झालीय का? मांस निराळं, चरबी निराळी. व्यायाम सुटतो आन् खानं तेवढंच ऱ्हातं, म्हनून पोट येतं." एका माळकरी शेतकऱ्याने दबकत विचारलं होतं, अंडं खात नाही, मग मला जमेल का? "मटकी खाता? शेंगदाने, दूध, दही? मग झालं की! रानात काय कमी हाय काका?" डब्याच्या पावडरीवर त्याचा राग नव्हता, पण घरातलं ताक सोडून पोरं डब्यामागे लागली की त्याचं डोकं फिरायचं.

आणि पाणी. आल्या-आल्या "आधी पानी पी," हाच त्या ख्रिस्ती माणसाचा रामराम आणि हाच जयख्रिस्त. एकदम तांब्याभर ढोसलेलं त्याला चालायचं नाही, घोट घोट प्यायचं. किती प्यायचं असं विचारलं की चारचौघांत सांगायचा, "लघवीचा रंग बघ. गडद दिसली तर कमी पडतंय. उन्हाचा घाम गाळलास तर चिमूटभर मीठ टाक." उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की बारला हात लावता येत नसे, तेव्हा तो एकेकाच्या मागे ग्लास घेऊन फिरायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो, की ह्याला जिम नाही, पाणपोई काढायची होती.

ह्या माणसाने इतरांची शरीरं घडवण्यात सगळी उमर घालवली आणि स्वतः कधी स्टेजवर उभा राहिला नाही. ऐन तारुण्यात वडील अंथरुणाला खिळले, मग संसार, मग जिम. यंदा नगरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत चाळिशीपुढच्यांचा गट निघाला आणि तो पेटलाच. "एकदाच उभं ऱ्हायचं, लेका. नंबराचं काय न्हाई." पण नंबराचं होतंच, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला, तेव्हा गाल आत गेले होते, हातावरच्या शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, "काय शरीर केलंय दादानं!" मी चहा मागवला. त्याने मान हलवली आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "उद्या पिऊ." मला वाटलं, साखर टाळतोय.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात शिरेना. पाणी बंद केलेलं, वर अंगातलं पाणी काढणाऱ्या लघवीच्या गोळ्या. रक्तातले क्षार बिघडले आणि हृदय थांबलं. स्टेजवर जायच्या आधी कातडी स्नायूला चिकटावी, स्नायूंच्या रेघा, म्हणजे कट, उठून दिसावेत म्हणून ह्या लोकांत असं करतात म्हणे. म्हणे कशाला… प्रभाकरनेच मला ते सांगितलं होतं, आणि जिममध्ये कुणी केलं तर तंगडी मोडीन असंही. मग स्वतः का केलंस रे? त्याच्या बायकोने, रेखावहिनींनी, घरी त्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "पोरांना कळत न्हाई. मला माजं शरीर कळतंय." एवढं कळणारा माणूस, आणि एवढा वेडेपणा! मला त्याचा इतका संताप आला होता की दफनाच्या वेळी मूठभर माती टाकतानाही डोळ्यांत पाणी आलं नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती. ती संपल्यावर चहा फिरला. सागरने घेतला नाही. पाण्याचा ग्लास आला, तोही पुढे सरकवला. माझं लक्ष नव्हतं, वहिनींचं होतं. त्या त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"सागर, तुजी स्पर्धा कदी हाय?"

"परवा, वहिनी." तो खाली बघत म्हणाला. "दादाच्या नावानं उतरनार हाय."

"पानी कदीपासून बंद केलंस?"

ह्याच पोराच्या मांडीवर परवा प्रभाकरचं डोकं होतं! सागर पुटपुटला, "दादानं गोळ्या घेतल्या हुत्या, वहिनी. मी गोळ्या न्हाई घेत. नुस्तं पानी…" माझा हात उठलाच होता. वहिनींनी मला खुणेनंच थांबवलं आणि त्या आत गेल्या.

आल्या त्या कमरेवर हंडा घेऊन. सागरपुढे तो टेकवला, झाकण काढलं आणि ग्लास बुडवला.

"त्या दिवशी सकाळी नळ आल्ता. नगरला निघायच्या आदी ह्यांनी घरातली सगळी भांडी भरली. मी म्हन्लं, राहू द्या, दम लागतोय तुमाला. तर म्हन्ले, तुला तीन दिस पुरंल." त्यांनी ग्लास त्याच्यापुढे धरला. "सोता घोट न्हाई घेतला. बाकीचं पानी पावन्यांना लागलं. हा एकच हंडा राह्यलाय. घे, पी."

"वहिनी, परवा…"

"माज्यासमोर पी."

सागरने ग्लास हातात घेतला. थोडं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं. एक घोट घेतला आणि मोठ्यानं रडायला लागला. तेव्हा कुठे मलाही रडू फुटलं. वहिनी रडल्या नाहीत. त्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या आणि मग त्यांनी तो पुन्हा हंड्यात बुडवला.