न बोलणारा नावाडी

आमच्या घरात दरवर्षी एक नवा पुरुष राहायला येतो. बायको त्याला आणते आणि चहा मी करतो. चहा तीच पिते म्हणा, पण पिताना विचार त्याचा चाललेला असतो. कधी तो सुतार असतो, कधी गुरांचा डॉक्टर. एकदा दीपगृहाचा राखणदार आला होता, त्याने तर माझं डोकं उठवलं. त्याच्यापायी जिन्यातला दिवा मालवायची मला बंदी होती. सगळे उंच, सगळ्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, आणि सगळे जेवणाआधी शांतपणे डोळे मिटून प्रार्थना करतात. मी बुटका आहे, माझा आवाज तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आहे आणि माझ्या प्रार्थनेची लांबी भुकेवर ठरते. तेव्हा या मंडळींबद्दल माझं मत काय असेल ते तुम्हीच समजून घ्या.

बायको प्रेमकथा लिहिते, ख्रिस्ती प्रेमकथा. म्हणजे दोघं एकमेकांना आवडतात, पण दोघांचंही देवाशी काहीतरी बिनसलेलं असतं. ते जुळेपर्यंत यांचं जुळत नाही. चुंबन एकच, तेही शेवटच्या प्रकरणात, लग्न ठरल्यावर. मी एकदा म्हटलं, "अगं, मधे कुठेतरी एक दे बिचाऱ्यांना, थंडीचे दिवस आहेत." तर म्हणाली, "तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता तेव्हा मी मधे बोलते का?" मी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, हे खरं आहे. ती मधे बोलली नाही, हेही खरं आहे.

पहिली कादंबरी तिने एका मोठ्या प्रकाशकाला पाठवली. त्यांचं उत्तर आलं, प्रेम छान आहे, प्रार्थना तेवढ्या काढा. मग तिने ती चर्चच्या छापखान्याला दिली. ते म्हणाले, प्रार्थना छान आहेत, प्रेम तेवढं काढा. दोन दिवस तिने टाइप करायला घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी केस बांधत म्हणाली, "मग मीच छापते. मी काय कुणाच्या ताटाखालचं मांजर आहे?" तेव्हापासून ती आपली आपण छापते. मुखपृष्ठावर दर वेळी आमची भाची असते, पाठमोरी, कारण तोंड दाखवायला ती तयार नाही. गठ्ठे आमच्या पलंगाखाली येतात. पाकिटं मी चिकटवतो, पोस्टात मी जातो. चर्चमध्ये लोक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, पाळकीणबाई, सगळ्या कादंबऱ्या वाचतात आणि वाचत नाही असं सांगतात.

लिहिण्याची तिची एक पद्धत होती. प्रसंग लिहिण्याआधी तो अंगाने करून बघायचा. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कंदील असेल तर माणूस फाटक कसं उघडेल, हे तिला मनाने पटायचं नाही. मग मला हाक. मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात छत्री आणि कंदील घेऊन उभा. "कोपराने ढकला बघू. हां. आता मागे वळून माझ्याकडे बघा. असं नाही हो, वीजबिल मागायला आल्यासारखं नाही." तिच्या प्रत्येक नायकाचे हातपाय माझे आहेत. गुडघ्यावर बसून मागणी घालण्याचे प्रसंगही मीच केले. फक्त त्यात मी बोलायचो नाही. मी नुसता बसायचो, ती मान तिरकी करून बघायची, "ठीक, उठा," म्हणायची आणि आत जाऊन टाइप करायची. नायक काय बोलला ते मला पुस्तक छापून आल्यावर कळायचं.

निवृत्त झाल्यावर दुपारी मी बाहेरच्या खोलीत आडवा व्हायचो आणि आतून तिच्या बोटांचा आवाज यायचा. पडदे ओढलेले, भिंतीवर पिवळसर उजेड, आणि तो टकटक आवाज. कधी भरभर, कधी थांबत थांबत. मी झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी असायचो. डोळा लागता लागता मला दिसायचं की पायथ्याशी सुतार बसलाय आणि माझ्या चपलांची लांबी मोजतोय. राखणदार खिडकीत उभा राहून कुठल्या तरी जहाजाची वाट बघतोय. मला त्यांचा राग यायचा नाही त्या वेळी. घर भरलेलं वाटायचं. मुलंबाळं नाहीत आम्हाला, पण दुपारी आमच्या घरात कधीच शांतता नव्हती.

मग तिचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे तिला दार दिसतं, दाराची कडी दिसत नाही. माणूस दिसतो, त्याचा चेहरा पुसलेला. अक्षरं तर गेलीच, कितीही मोठी केली तरी. आणि ही बाई आयुष्यात कधी न बघता टाइप करायला शिकली नव्हती. दोन बोटांनी, खाली बघत, एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या तिने.

त्यातच ती एका सकाळी म्हणाली, "अहो, खिडकीपाशी कोण उभं आहे?" कोणी नव्हतं. "निळा कोट घातलाय. कोपरापर्यंत ओला आहे." तसाच तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, घाबरू नका, हे वेड नाही. डोळे रिकामी जागा ठेवतात आणि मेंदू ती आपल्या मनाने भरून काढतो. बऱ्याच जणांना माणसं दिसतात, झाडं दिसतात. ही माणसं बोलत नाहीत. बोलायला लागली तर मात्र मला येऊन भेटा.

बाहेर पडल्यावर रस्त्यात ती हसायला लागली. इतक्या दिवसांनी हसली म्हणून मी फुटपाथवरच थांबलो. "अहो, तो माझा नावाडी आहे," ती म्हणाली. अर्धी राहिलेली कादंबरी नावाड्याची होती. नदीच्या एका काठावर शाळेतली बाई राहते, नवरा वारलेला. हा तिला रोज पलीकडे नेतो आणतो. "इतकी वर्षं मी यांना शोधत बसायची. आता स्वतःच्या पायांनी घरी येताहेत." तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुम्ही लिहून घ्याल?"

मी काय, लिहून घेतलं. मला टाइप करायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि माझ्या चुका ऐकू येत नाहीत म्हणून तिला सापडतही नाहीत. तरी आमचं बरं चाललं. दुपारी पडदे ओढायचे, ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि सांगायची. पाण्यावरचं धुकं सांगितलं. वल्ह्याचा घासून गुळगुळीत झालेला दांडा सांगितला. शाळेच्या बाईने होडीत बसून, मरून गेलेल्या नवऱ्यासाठी नाही तर पहिल्यांदा स्वतःसाठी केलेली प्रार्थना सांगितली. ती लिहिताना मी मधेच चहाचं निमित्त करून उठलो. खोलीत नदी आल्यासारखी वाटायची. आपण दोघं कुठेतरी चाललोय आणि काठ दिसत नाहीये, पण त्याचं भय वाटत नाहीये, असं काहीसं.

मागणीच्या प्रसंगाला आलो आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

"तो होडी बांधतो," ती म्हणाली. मी लिहिलं. "वळतो. तिच्याकडे बघतो." लिहिलं. "आणि म्हणतो," ती म्हणाली, आणि थांबली. मी बोटं तयार ठेवून बसलो. ती खिडकीकडे बघत राहिली. "उद्या करू," म्हणाली.

उद्याही तेच. परवाही तेच. "काय झालं?" मी विचारलं. "तो आलाय," ती म्हणाली, "तिथेच उभा आहे. पण बोलत नाही." मी म्हटलं, "मग तू सांग ना, तुझ्याच मनातला आहे तो." तशी तिचे कान लाल झाले. खरं सांगतो, या वयात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं ही बोटांनी लिहीत होती. ते शब्द तोंडाने कधी म्हणावेच लागले नव्हते. आता म्हणायचे, आणि ते माझ्या समोर. आमच्या घरात असलं कोणी कधी बोललेलं नाही. आमच्यात सगळ्यात गोड बोलणं म्हणजे "जेवलात का" आणि "स्वेटर घ्या".

पुढे पुढे ती खुर्चीत येऊन बसेनाशी झाली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. एक म्हातारी नर्स आहे, तिची जुनी वाचक, ती फोन करायची, "झालं का हो पुस्तक?" बायको मला खुणेने नाही म्हणायला सांगायची. एके दिवशी सरळ म्हणाली, "पुरे झालं आता. ते अर्धं बाड बांधून वर माळ्यावर टाका. मला यापुढे लिहायचं नाही." मी हो म्हटलं, पण टाकलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. डोळे गेल्यावर ती रडली होती, चिडली होती, पण हातपाय गाळून बसली नव्हती. आता दुपारी घरात काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मी पडून राहायचो आणि पायथ्याशी कोणी यायचं नाही. हे पुस्तक सुटलं तर ही बाई माझ्या हातून सुटेल, हे मला दिसत होतं.

म्हणून एका दुपारी मी पडदे ओढले, तिला उठवून खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "नावाडी आहे का?"

"आहे," ती कंटाळून म्हणाली. "खिडकीपाशी."

"असू दे तिकडेच." मी तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसलो. गुडघ्याने चांगला आवाज केला. "प्रसंग करून बघू. आज मी बोलतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. त्या एका शब्दात तिने माझी सगळी लायकी काढली.

मी नावाड्यासारखं काहीतरी बोलणार होतो. नदी, काठ वगैरे जुळवूनही ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि सगळं पार पुसलं गेलं.

"तुला लग्नाचं पाळकांनी विचारलं होतं," मी म्हटलं. "त्यांच्या बैठकीत. मी शेजारी बसलो होतो, आणि तू हो म्हणालीस ते त्यांना. मला विचारायचं होतं. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ते उठून प्रार्थनाच करायला लागले. आमेन म्हटल्यावर माणूस काय विचारणार?"

ती हसली नाही.

"मी उंच नाही. मला होडी चालवता येत नाही. तुझ्या त्या सुताराचा आणि राखणदाराचा मला मनापासून हेवा वाटत आलाय, कारण तू त्यांच्यासाठी शब्द शोधत बसायचीस. पण तू आत लिहीत असलीस ना, की मला या घरात कशाचीच कमी वाटत नाही. तू गप्प झालीस तशी मला दुपार सोसत नाही. तुला माझा चेहरा दिसत नाही याचं मला वाईट वाटत नाही, तो काही बघण्यासारखा नव्हता. पण मला तू हवी आहेस. देवाच्या मनात असतील तितके दिवस. माझ्याशी लग्न करशील का?"

तिने मान वळवली आणि कपाटाकडे बघायला लागली. मला वाटलं, चुकलं आपलं. मग लक्षात आलं. कडेनेच तेवढं दिसतं तिला. ती माझ्याकडे बघत होती.

"फार वेळ लावलात," ती म्हणाली. मग माझा दंड धरून म्हणाली, "हो."

मी धडपडत उठलो, खुर्ची ओढली आणि टाइप करायला लागलो. विसरायच्या आत उतरवायला हवं होतं. 'बैठकीत'पर्यंत पोहोचलो असेन.

"काय करताय?" तिने विचारलं.

"लिहून घेतोय. मागणी झाली ना."

"खोडा ते."

"अगं, मोठ्या मुश्किलीने आलंय."

"म्हणूनच खोडा. ते पुस्तकात जाणार नाही. ते माझं आहे."

मी खोडलं. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि खिडकीकडे तोंड केलं. "ऐकलंस ना?" असं हळूच कुणाला तरी म्हणाली. मग मला म्हणाली, "हं, लिहा. तो होडी बांधतो, वळतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो." आणि तिने नावाड्याला वाक्यं दिली, एकामागून एक, न अडखळता, मोठ्याने. चांगली होती वाक्यं. नदी होती, काठ होता. संध्याकाळपर्यंत दोघांचं लग्न ठरलं आणि ठरलेलं एक चुंबनही झालं.

पुस्तक छापून आलं, भाची पाठमोरी उभी राहिली, पाकिटं मी चिकटवली. पहिल्याच आठवड्यात त्या नर्सचा फोन आला. बायकोला बटणं सापडत नाहीत म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर टाकून दिला.

"पुस्तक फार आवडलं हो," त्या म्हणाल्या. "धुकं तर काय सुंदर आहे. पण राग मानू नका, त्याची मागणी जरा फिकी वाटली. दर वेळी कशी काळजाला भिडते, तशी नाही भिडली."

मी बायकोकडे बघितलं. टीकेने तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात, हे मला माहीत आहे. पण ती कपाटाकडे तोंड करून हसत होती.

"बरोबर आहे तुमचं," ती फोनमध्ये म्हणाली. "एक चांगली होती माझ्याकडे. पण ती घरीच लागली."