बापाचं नाव

माझी सासू अख्ख्या गल्लीला नावं ठेवते. अगदी खरोखर! तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती, त्यामुळे बाळ झालं की लोक अजूनही तिलाच विचारायला येतात. वाईट अर्थाचं किंवा नुसता तोरा मिरवणारं नाव ती तिथल्या तिथे उडवून लावते.

परवा समोरच्या गॅरेजमधला वेल्डर आला. त्याने नुकताच इस्लाम स्वीकारला होता. मित्रांनी उत्साहाच्या भरात नाव बदलायचा अर्ज भरून त्याच्या हातात दिला, आणि त्याच्या वारलेल्या वडिलांनाही नवं नाव देऊन टाकलं. का, तर दोन्ही नावं शोभून दिसावीत म्हणून!

सासूबाई कडाडल्या, "वेल्डिंग कुणी शिकवलं तुला?"

"वडिलांनी."

"आणि त्यांचंच नाव खोडतोस? अरे, आपल्या इस्लाममध्ये माणूस बापाच्याच नावानं ओळखला जातो. मग बाप मुसलमान असो वा नसो. तुझ्या नावाचा अर्थ काय?"

"उजेड. आईनं ठेवलंय."

"मग त्यात काय वाईट आहे? तेही राहू दे."

अर्जाचे चार तुकडे झाले. वेल्डर डोळे पुसत हसला.

मला नवल वाटलं नाही. माझ्या लग्नात कारकून माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहायला निघाला, तेव्हा याच बाईनं त्याचा हात धरला होता. आमच्या दारावरच्या पाटीवर आजही माझ्या नावापुढे माझ्या वडिलांचं नाव आहे. ती पाटी रोज सकाळी सासूबाईच पुसतात.