कुडातले शिंपले

माझा पहिला नवरा पटकीनं गेला, तेव्हा गंगेचं पाणी गुडघ्याखाली उतरलं होतं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आम्ही भोई. निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच उन्हाळे बाकी होते. मानवतच्या बाजारातून तो उलट्या करीतच आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. मी एकोणीस वर्षांची. घरात सासू आणि मी, दोघीच उरलो.

बायका मला रडवायला बसल्या. एकीनं पाठीवर चापट्या मारल्या, एकीनं त्याचं पागोटं आणून मांडीवर ठेवलं. मला रडू येईना. बांगड्या फोडताना मनगटात काच गेली होती, ती मला दुसऱ्या दिवशी दिसली.

नदीच्या एका फाट्यात आमचा कूड होता. बाभळीच्या मेखा ठोकून त्यात फोका विणलेली भिंत. तिच्या आड गाळ बसायचा. डोहातले बारके शिंपले वेचून नवरा त्या गाळात सोडायचा, दोन-तीन वर्षांत ते तळहाताएवढे व्हायचे. पुरानं भिंत मोडली की पुन्हा विणायची; शिंपले खाली रुतून राहायचे. उन्हाळ्यात मोठे तेवढे काढायचे, तेही पाणी आटायच्या आत. आतलं मांस आम्ही विकायचो, खायचो. टरफलं चुनेवाला भट्टीसाठी न्यायचा.

पाचव्या दिवशी सकाळी सासू कूड बघून आली आणि पाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"ऊठ. कडंचे शिंपले तोंड उघडायलेत. उद्या घाण सुटंल."

आमच्या पंचातला एक म्हातारा दारात बसला होता. "सुतक हाय, बाई. दहावा तरी होऊ द्या."

"पाणी दहाव्याची वाट बघतंय व्हय?" सासू म्हणाली आणि निघाली. मी मागून गेले. जा म्हटलं तर गेले, इतकंच.

पायानं गाळ चाचपायचा, टणक लागलं की वाकून काढायचं. सासू पुढं, मी मागं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं ती माझ्या प्रत्येक कामाला नावं ठेवत आली होती. त्या दिवशी एक शब्द नाही. माझ्या हाताभोवती पाणी लाल झालेलं तिलाच आधी दिसलं. शिंपल्याच्या धारेनं बोट कापलं होतं. तिनं पदराची चिंधी फाडून ते बांधलं.

"दुखायलंय का?"

"न्हाई."

खरंच दुखत नव्हतं.

सुतकातले म्हणून गावात कुणी शिंपले घेतले नाहीत. नेहमीच्या बायका लांबूनच वळून जायच्या. सासूनं मांस उकडून छपरावर वाळत घातलं. दोन्ही वेळेला आम्ही तेच खाल्लं. मला कसलीच चव लागली नाही.

सातव्या दिवशी चुनेवाला गाढवं घेऊन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. माझा नवरा कुठं आहे म्हणून त्यानं विचारलं. "गेला," सासू म्हणाली. तो टरफलांच्या ढिगाकडं वळला. वाटेनं चाललेल्या कुणीतरी त्याला हटकलं, सुतकातलं हाय, हात लावू नको. तो म्हणाला, "मेरेकू कायका सुतक, बाबा? भट्टी में सब जलताच है." आणि गोण्या भरू लागला.

आठव्या दिवशी पिंगळीहून माझा भाऊ आला, मला न्यायला.

"चल, घरी जाऊ."

"कूड अर्धा राहिलाय," मी म्हणाले.

मग त्यानं सदरा काढला आणि पाण्यात उतरला. तो शेतीतला माणूस. पायाला लागेल ते उचलून पाटीत टाकायचा. सासूनं पाटीत हात घातला आणि एकदम हसली. "पाव्हणं, दगड हायेत की हे सगळे!" हसता हसता ती मटकन पाण्यातच बसली आणि हंबरडा फोडून रडू लागली. लेक गेल्यापासून ती तशी रडली नव्हती. भाऊही डोळे पुसू लागला. मी पाटी धरून उभी होते. पाटी जड होती, म्हणून काठावर नेऊन ठेवली.

तेरावं झाल्यावर सासूच म्हणाली, "तू जा. पाट लाव कुणासंगं तरी. हितं राहून दोघी एकमेकीकडं बघत बसू."

"आन् तुमी?"

"मला पवायला येतंय," ती म्हणाली.

मी गेले. हिवाळ्यात पिंगळीच्या रेल्वे लायनीवर काम करणाऱ्या एकाशी माझा पाट लागला. माणूस चांगला होता.

दोन वर्षांनी मानवतच्या बाजारात मी कांदे निवडत होते. जुन्या गावची एक बाई भेटली. म्हणाली, तुझी सासू गेली, मागल्या महिन्यात. मी बरं म्हणाले आणि कांदे निवडत राहिले.

घरी आले तर नवऱ्यानं विचारलं, "काय झालं? अशी का दिसायलीस?"

"सासू गेली," मी म्हणाले.

त्याची आई समोरच चुलीपाशी भाकरी थापत होती. त्याला कळायला जरा वेळ लागला.