शहराच्या वरच्या अंगाचे मासे

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. काम काय, तर नदीतल्या माशाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी बघायची. पेशीत एकच केंद्रक असलं तर ठीक. त्याच्या शेजारी तुटका तुकडा दिसला, की समजायचं, पाण्यात काहीतरी भयंकर मिसळतंय. एका माशाच्या हजार पेशी! मानेचा पार खुळखुळा व्हायचा, पण बाईंच्या मोजणीत चूक काढायची साहेबांचीही छाती नव्हती.

काचांवर जागेचं नाव नसे, नुसता आकडा. मासा कुठला हे आधीच कळलं, तर मन परस्पर निकाल लावून मोकळं होतं ना! काही मासे शहरातल्या नाल्यापाशी पकडलेले, आणि तुलनेसाठी काही चांगले, शहराच्या वरच्या अंगाचे, म्हणजे नदी शहरात शिरण्याआधीचे. हे चांगले मासे तिचा धाकटा भाऊ आणून द्यायचा. तो तिथेच जाळं टाकायचा, तेच विकायचा, घरातही तेच शिजायचं.

यंदा मोजणी संपल्यावर बाईंनी कुठला आकडा कुठल्या जागेचा याची यादी उघडली. सगळ्यात जास्त तुकडे भावाच्या माशांत. तिनं पुन्हा मोजलं. तेच!

"वर नवे कारखाने आलेत ना," साहेब म्हणाले. "तुलनेला दुसरी जागा बघू." झालं, त्यांच्यापुरता विषय संपला. बाईंचा जीव मात्र भावाच्या सुनेत अडकला होता. तिला सातवा महिना होता.

भाऊ माशांचे पैसे न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला बाकावर बसवून सांगून टाकलं.

"ताई, थट्टा करतेस का?" तो हसला. मग त्यानं तिचा चेहरा बघितला. "म्हणजे धंदा बंद?"

"धंदा जाऊ दे चुलीत! सूनबाईला ते मासे देऊ नका. आजपासून."

"आणि आजवर खाल्ले त्याचं? बाळाला काही होईल?"

"ह्यातून मला माशांचं कळतं रे. माणसांचं नाही कळत."

"ती नकोच म्हणायची गं. मळमळायचं तिला." "मीच मागे लागायचो, खा बाळा, आत्यानं तपासलेले आहेत."

तपासणी वर्षातून एकदाच होते, हे बाईंनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.