मेजरसाहेब फरार

तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि शेवटचं पोस्टिंग लागलं नाशिकला, मखमलाबाद रोडवरच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये. कमांडिंग ऑफिसर माझी बायको, सुनंदा. माझ्याआधीपासून तैनात असलेले अधिकारी दोन. पहिली मेजर, म्हातारी पांढरी मांजर. मी सीमेवर असताना सुनंदाला घरात सोबत तिचीच होती, त्यामुळे सीनियॉरिटी तिची. दुसरा कॅप्टन, पिवळा बोका. वजनाने भारी, कर्तृत्वाने शून्य.

रोज संध्याकाळी सातला अंगणात रोल कॉल. मी खड्या आवाजात नावं पुकारायची, अधिकाऱ्यांनी यायचं, मग जेवण.

"मांजरांची हजेरी घेणारा माणूस जगात एकच," सुनंदा म्हणायची. "तो नेमका माझ्या वाट्याला आला."

द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत दिंडोरीला तिच्या भावाच्या, दत्तूच्या बागेत गेलो होतो. छाटलेल्या काड्यांचा पुरुषभर उंच ढीग बांधावर रचला होता. दत्तूने एका टोकाला काडी लावली आणि ढिगाच्या आतून बारीक आवाज आला. म्याव.

"दत्तू, विझव. आत पिल्लं आहेत."

"दाजी, त्यांची आई गेली परवा ट्रॅक्टरखाली. आता काय जगायची हायेत ती? सरका बाजूला."

"पाणी आण."

"आवो, लय पेटलंय!"

"पाणी आण. ऑर्डर आहे."

"मी काय तुमच्या पलटणीत हाय का?" असं म्हणत त्याने पाण्याचा पाइप ओढलाच.

मी क्रॉलिंग करत आत घुसलो. भरतीच्या वेळी माझं पोट सपाट होतं. आता त्या पोटावर सरपटणं म्हणजे ढोलावर आडवं पडून पोहणं. तरी चारही पिल्लं बाहेर काढली. आमचं नुकसान म्हणजे डावी मिशी. उजवी शाबूत.

लगेच हेडक्वार्टरला फोन लावला.

"सुनंदा, चार जण सुखरूप. घेऊन येतोय. ओव्हर."

"कोण चार जण?"

"मांजराची पिल्लं. ओव्हर."

"ओव्हर गेलं खड्ड्यात. मेजरला चालायचं नाही. आणू नका."

"नेटवर्क जातंय," मी म्हणालो. नेटवर्क उत्तम होतं.

द्राक्षांच्या क्रेटमध्ये पिल्लं ठेवून स्कूटरवरून निघालो. वाटेत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, सगळ्यात लहान पिल्लाच्या छातीत धूर गेलाय, त्याचं काही सांगता येत नाही. सगळ्यांना वेगळ्या खोलीत ठेवा. घरातल्या मांजरांना आधी फक्त त्यांचा वास कळू द्या. घाई नको.

मी मान डोलावली. पण माझ्यातला सुभेदार तयार होईना. पलटणीत नवे जवान आले की बडा खाना होतो. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एका पंगतीत जेवतात, उठतात ते एका घरचे होऊन. मांजरं काय जवानांहून अवघड?

त्याच संध्याकाळी अंगणात एका ओळीत सहा बशा मांडल्या. पिल्लांना आणून बसवलं. कॅप्टनने कुणाकडेही न बघता स्वतःची बशी संपवली आणि शेजारची सुरू केली. मेजर आली, थबकली, दुप्पट फुगली. एक फुत्कार, एक पंजा माझ्या पोटरीवर, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे. पंगत उठली.

दुसऱ्या दिवशी सातला मेजरचं नाव पुकारलं. आली नाही.

सुनंदा दारात उभी होती. "ती म्हातारी आहे. तिला बाहेरचं काही माहीत नाही. ती परत आली नाही, तर क्रेट उचलायचं आणि दिंडोरीला जायचं. पिल्लांनी आणि तुम्हीही."

"पिल्लं कुठेही जाणार नाहीत," मी म्हणालो. "आणि मेजरही परत येईल."

"मग कमांड माझ्याकडे द्या."

दिली. तिने पिल्लांना मागच्या खोलीत हलवलं. मेजरची गोधडी त्यांच्याखाली अंथरली. त्यांच्या अंगाखालचा टॉवेल भिंतीवर टाकला आणि त्यावर सुकट ठेवली. कॅप्टनला माझ्या ताब्यात दिलं. सुकट वाचवायची जबाबदारी माझी.

पहिल्या दिवशी सुकट तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा जमिनीवर बसून सगळ्यात लहान पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजत होती. बाकी तिघं धिंगाणा घालत होती, हे मात्र श्वास मोजून घेत होतं. डॉक्टरीणबाईंनी त्या सकाळीच नकारार्थी मान हलवली होती. सुनंदाने ऐकलं नव्हतं. दर तासाला दोन थेंब चालूच.

खिडकीत मेजर उभी.

"हलू नका," सुनंदा पुटपुटली.

मेजर उतरली. लांबून गोल फिरली. पिल्लाला हुंगलं. त्याला तिच्याच गोधडीचा वास होता. मग ती त्याच्याकडे पाठ करून बसली आणि स्वतःचं अंग चाटायला लागली. मांजर शत्रूकडे पाठ करत नाही. मी श्वास सोडला. सुनंदाने डोळे पुसले आणि मला दरडावलं, "बघताय काय? दूध कोमट करा."

ते पिल्लू पहाटे गेलं. रात्रभर त्याच्याशेजारी बसलेली मेजर उठेपर्यंत आम्ही त्याला हलवलं नाही. मग कढीपत्त्याखाली पुरलं. त्याला नाव नव्हतं. निनावी जवान मी मातीत ठेवत नाही. तोफखान्यातली पहिली पायरी गनर. तेच नाव दिलं.

परवा सोसायटीचे चेअरमन आले. "सुभेदारसाहेब, पाच मांजरं म्हणजे फार होतात. आणि रोज संध्याकाळची ती आरडाओरड बंद करा."

"चहा घ्या," मी म्हणालो. "सातपर्यंत थांबा."

सात वाजले. मी अंगणात सावधान उभा राहिलो आणि नेहमीपेक्षा चढ्या आवाजात सुरुवात केली.

"मेजर!" आली.

"कॅप्टन!" बशीपाशीच होता.

"हवालदार! नाईक! लान्स नाईक!" तिघं एकमेकांवर पडत आली.

"गनर!"

चेअरमन इकडेतिकडे बघू लागले.

स्वयंपाकघरातला पोळी लाटण्याचा आवाज थांबला. मग सुनंदाचा आला.

"हजर!"